किडनीचं साटंलोटं

माझा मामा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. गेल्या गेल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलंय ते बघायचं, मग पलंगावर आडवं होऊन डावा हात पुढे करायचा. त्या हातावर फिस्टुला होता. धमनी आणि शीर एकमेकींना जोडून मुद्दाम फुगवलेली रक्तवाहिनी म्हणजे फिस्टुला. तिच्यावर बोट टेकवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटायचं. त्यात दोन जाड सुया, आणि पुढचे चार तास यंत्राची घरघर. घरी आल्यावर पाणी मोजून प्यायचं. एप्रिल-मे महिन्यात मामी त्याला पाण्याऐवजी बर्फाचा खडा चोखायला द्यायची, तेवढाच घसा ओला.

मामी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना म्हणाली होती, "माझी घ्या. मला काही होत नाही." मामाचा रक्तगट ए, मामीचा बी. "ताई, जमणार नाही," असं उत्तर मिळालं आणि विषय तिथे संपला. मामाचं नाव मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत लागलं, आणि त्या यादीत असतानाच तो गेला.

खिडकीजवळच्या पलंगावर कराडकडचे एक गृहस्थ यायचे. त्यांची बायको आणि मामी बाहेरच्या बाकड्यावर चार-चार तास शेजारी बसायच्या, डबा वाटून खायच्या. मामा गेल्यावर कितीतरी महिन्यांनी बोलता बोलता मामीकडून कळलं की त्या बाईंचा रक्तगट ए होता आणि त्यांच्या यजमानांचा बी. मामीची किडनी त्यांना आणि त्यांची मामाला चालली असती का, हे रक्तगटावरून पुरतं ठरत नाही, त्याला आणखी तपासण्या लागतात. पण दोन बाकड्यांवरची ही माहिती एकमेकांशेजारी ठेवून बघणं हे तिथे कुणाचंच काम नव्हतं.

मी ऑपरेशन्स रिसर्च शिकवतो. या विषयाचं मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून सरळ काय ते सांगतो. हातातली साधनं मोजकी आहेत, गरजा जास्त आहेत आणि वाटपाचे मार्ग इतके की डोक्याने मोजता येत नाहीत, अशा वेळी सगळ्यात चांगला मार्ग गणिताने कसा शोधायचा, याचा हा अभ्यास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये रडार, विमानं आणि जहाजांच्या ताफ्यांसाठी तो उभा राहिला. आज १०८ ची रुग्णवाहिका कुठल्या नाक्यावर उभी ठेवली तर जास्तीत जास्त गावं वेळेत गाठता येतील, परीक्षेनंतर लाखो मुलांना त्यांच्या पसंतीप्रमाणे कॉलेजं कशी वाटायची, पूर आल्यावर धान्याचे ट्रक कुठल्या क्रमाने सोडायचे, असे प्रश्न याच विषयात येतात. डेटा ॲनॅलिटिक्स हा त्याचा जोडीदार. नोंदींमधून काय दिसतं ते तो सांगतो, आणि मग नेमकं कुणाला काय द्यायचं हे ऑपरेशन्स रिसर्चने ठरवायचं. ही सगळी उदाहरणं महत्त्वाची आहेत, पण या दोघांनी मिळून माणसं अक्षरशः कशी वाचवली हे मला किडनीच्या अदलाबदलीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. म्हणून आज फक्त तेवढंच.

जुळणं म्हणजे काय

आपल्याकडे पूर्वी साटंलोटं व्हायचं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची मुलगी तुमच्या घरात. हा शब्द आज राजकारणातल्या संगनमतासाठी वापरतात, पण मूळ अर्थ तो. स्वॅप ट्रान्सप्लांट म्हणजे हुबेहूब हेच. माझी बायको मला किडनी द्यायला तयार आहे पण तिची मला चालत नाही. तुमच्या भावाची तुम्हाला चालत नाही. मात्र माझ्या बायकोची तुम्हाला चालते आणि तुमच्या भावाची मला. मग देवाणघेवाण करायची.

चालणं-न चालणं दोन गोष्टींवर ठरतं. पहिली रक्तगट. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, पण त्याला फक्त ओ चीच चालते. एबी कुणाकडूनही घेऊ शकतो. ए ला ए किंवा ओ, बी ला बी किंवा ओ. रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह किडनीसाठी बघावं लागत नाही. बरेच नातेवाईक त्या निगेटिव्हला घाबरून मागे सरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. (ओ म्हणून नोंद झालेली एखादी व्यक्ती क्वचित 'बॉम्बे' गटाची निघते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच हा गट शोधला. अशा माणसाला ओ गटाचंही चालत नाही.)

भारतात ढोबळमानाने ओ आणि बी हे दोन्ही गट तिघांत एकाच्या आसपास आढळतात, ए त्याहून कमी आणि एबी सगळ्यात कमी. एवढ्यावरून हिशेब मांडला तर कुठलीही दोन माणसं उचलली असता दहातल्या सुमारे चार वेळा पहिल्याची किडनी दुसऱ्याला रक्तगटामुळेच चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त किचकट आहे. आपल्या पेशींवर ओळखपत्रासारखे काही रेणू असतात, त्यांना एचएलए म्हणतात. एखाद्याच्या शरीराने परक्या एचएलएविरुद्ध आधीच प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार केलेली असतील तर ती नव्या किडनीवर तुटून पडतात. ही प्रतिपिंडं येतात कुठून? रक्त चढवल्याने, आधीच्या प्रत्यारोपणाने, आणि गरोदरपणातून. पोटातल्या बाळाची निम्मी ओळख बापाची असते. त्यामुळे दोन-तीन मुलांच्या आईच्या रक्तात नवऱ्याच्याच एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं असू शकतात. नवरा ओ गटाचा, किडनी द्यायला तयार, आणि तरी त्याची किडनी नेमकी बायकोला चालत नाही. दात्याच्या पेशी आणि रुग्णाच्या रक्तातला द्रव एकत्र करून हे तपासतात. ती क्रॉसमॅच. ती पॉझिटिव्ह आली की सहसा ती जोडी थांबते.

औषधं देऊन आणि रक्तातली प्रतिपिंडं गाळून न जुळणाऱ्या गटाची किडनीही बसवता येते. पण खर्च वाढतो, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. शेजारच्या बाकड्यावर जुळणारी किडनी असेल तर आधी ती बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चार जोड्या

वर्गात मी हे फळ्यावर मांडतो. चार गावांतल्या चार जोड्या घ्या. साताऱ्याचा रुग्ण ए गटाचा, दाता बी. सांगलीचा रुग्ण बी, दाता ए. लातूरचा रुग्ण ए, दाता बी. जळगावचा रुग्ण बी, दाता ए. रक्तगटाने पाहिलं तर सातारा आणि लातूर या दोघांचंही सांगली आणि जळगाव या दोघांशी जमतं. फक्त साताऱ्याच्या रुग्णाच्या रक्तात जळगावच्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत, म्हणून ती एक रेघ पुसायची. उरल्या तीन: सातारा-सांगली, सांगली-लातूर, लातूर-जळगाव.

आता समजा सांगली आणि लातूरच्या फाइली आधी पूर्ण झाल्या. डॉक्टरांनी बघितलं, जमतंय, करून टाकलं. दोघंही रुग्ण सुटले. सगळ्यांना आनंद झाला. पण सातारा आणि जळगाव उरले, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही. तेच सातारा-सांगली आणि लातूर-जळगाव अशा जोड्या लावल्या असत्या तर चौघंही सुटले असते. चांगल्या मनाने आणि घाईने घेतलेल्या एका निर्णयाने दोन माणसं यंत्रावर राहिली, आणि हे कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण चारही फाइली एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

फळ्यावर चार जोड्या असतात तेव्हा मुलं दहा सेकंदांत उत्तर देतात. शंभर जोड्या झाल्या की दोघादोघांचेच ४,९५० संच तपासायचे. तिघांची फेरी करायची म्हटलं, म्हणजे पहिल्याचा दाता दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा पहिल्याला, तर दोन्ही दिशा धरून ३,२३,४०० संभाव्य फेऱ्या. आणि प्रश्न एक फेरी निवडण्याचा नसतो, एकमेकींना न छेदणाऱ्या फेऱ्यांचा सर्वांत मोठा संच निवडण्याचा असतो. ते पर्याय मोजायला बसलो तर जन्म पुरणार नाही.

तिघांची फेरी हवीच कशाला, असं मुलं विचारतात. त्यासाठी दुसरं उदाहरण. पहिल्या जोडीत रुग्ण ओ, दाता बी. दुसरीत रुग्ण बी, दाता ए. तिसरीत मघाची आई: ती ए गटाची, नवरा ओ, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. दोघादोघांत बघितलं तर फक्त दुसरी आणि तिसरी जोडी जमते, आणि ओ गटाचा रुग्ण बाहेर राहतो. फेरी केली तर नवऱ्याची ओ किडनी पहिल्या रुग्णाला, पहिल्याच्या दात्याची बी दुसऱ्याला, आणि दुसऱ्याच्या दात्याची ए त्या आईला. तिघंही सुटले. शिवाय ऐन वेळी पहिल्या रुग्णाला ताप आला आणि तो बाजूला झाला, तरी दुसरी आणि तिसरी जोडी आपसांत अदलाबदल करू शकतात. पोटात अशी राखीव जोडी असलेल्या फेऱ्यांना ब्रिटनच्या राष्ट्रीय योजनेत मुद्दाम झुकतं माप देतात.

मग चौघांच्या, सहाजणांच्या फेऱ्या का नकोत? इथे पुन्हा साटंलोटं आठवा. बरेचदा दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागायची, म्हणजे एका बाजूने मुलगी घेऊन दुसऱ्या बाजूने हात वर करायला वाव नको. किडनीचंही तसंच. माझ्या बायकोची किडनी काढून तुम्हाला बसवली, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा भाऊ म्हणाला की मला जमणार नाही, तर त्याला कुठलाही कायदा टेबलावर झोपवू शकत नाही, आणि झोपवूही नये. माझी बायको मात्र एक किडनी देऊन बसली, आता ती माझ्यासाठी दुसऱ्या कुणाशी अदलाबदलही करू शकत नाही. म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू करतात. दोन जोड्यांना चार ऑपरेशन थिएटर, चार भूलतज्ज्ञ, चार पथकं. तीन जोड्यांना सहा. आपल्याकडच्या किती हॉस्पिटलांत एका सकाळी सहा थिएटर रिकामी मिळतील याचा विचार करा, म्हणजे तीनवर का थांबतात ते कळेल. शिवाय गणितही इथे मदतीला येतं. जोड्यांचा साठा पुरेसा मोठा असेल तर रक्तगटाच्या हिशेबाने चौघांपेक्षा मोठ्या फेऱ्यांनी फारसं काही हाती लागत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

घरांच्या गणितापासून ऑपरेशन टेबलापर्यंत

नातेवाइकांच्या जोड्यांत अदलाबदल करावी ही कल्पना १९८६ साली एका सर्जनने, फेलिक्स रॅपापोर्ट यांनी, मांडली. दक्षिण कोरियात १९९१ मध्ये ती पहिल्यांदा अमलात आली. पण कोण कुणाला हे शोधण्याची पद्धत नव्हती. डॉक्टरांच्या आठवणीत जेवढे रुग्ण तेवढाच शोध.

ती पद्धत आली अगदी वेगळ्या घरातून. १९७४ साली लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ या दोघांनी एक कोडं सोडवलं होतं. काही माणसं आहेत, प्रत्येकाकडे एकेक घर आहे, पैसा मध्ये आणायचा नाही, फक्त घरं बदलायची, तर कुणीही नाराज होऊन वेगळी चूल मांडणार नाही अशी वाटणी कशी करायची? त्या वेळी हे निव्वळ कागदावरचं गणित होतं. २००४ मध्ये अल्विन रॉथ, तय्फुन सोन्मेझ आणि उत्कू उन्व्हर या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी घराच्या जागी किडनी ठेवली. किडनीची खरेदी-विक्री कायद्याने आणि विवेकाने बंद, म्हणजे पैसा नाही हीच अट. बॉस्टनचे सर्जन फ्रान्सिस डेल्मोनिको यांनी त्यांना साथ दिली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या रुग्णालयांची एकत्र नोंदवही सुरू झाली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. किडनीचं काम हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

फक्त दोघादोघांच्या जोड्या लावायच्या असतील तर त्यासाठी जॅक एडमंड्स यांची १९६५ ची पद्धत आहे. ती मोठ्या यादीवरही झपाट्याने सर्वोत्तम उत्तर देते. तिघांच्या फेऱ्या आल्या की मात्र प्रश्न एकदम अवघड वर्गात जातो. यादी वाढत गेली तरी हमखास झटपट सोडवेल अशी पद्धत आजवर कुणालाच सापडलेली नाही. मग करतात काय?

प्रत्येक संभाव्य फेरीपुढे एक चौकट काढा. फेरी घेतली तर त्यात १, नाही तर ०. अट एकच, कुठलीही जोडी एकाहून जास्त फेऱ्यांत येता कामा नये. हे पाळून जास्तीत जास्त रुग्णांना किडनी मिळाली पाहिजे. आता क्षणभर असं समजा की अर्धी फेरी, पाऊण फेरी घेतली तरी चालतंय. खऱ्या आयुष्यात ते शक्य नाही, पण असं मानलं की गणित पुष्कळ सोपं होतं, आणि त्याचं उत्तर आपल्याला कमाल मर्यादा देतं: खरं उत्तर याच्या वर जाऊच शकत नाही. या सोप्या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये काम करताना ते वेगाने सोडवण्याची नवी वाट दाखवली, आणि आजच्या अशा सॉफ्टवेअरमध्ये त्या वाटेची छाप आहे.

कमाल मर्यादा कळली की छाटणी सुरू होते. समजा एकोणचाळीस रुग्णांची सोय होईल अशी एक व्यवस्था हातात आहे, आणि 'अमुक फेरी घ्यायचीच' असं ठरवल्यावर कमाल मर्यादाच अडतीसवर येते. मग त्या फेरीबरोबरचे सगळे पर्याय न बघता सोडून द्यायचे. मुंबईहून कोल्हापूरचा जवळचा रस्ता शोधताना नागपूरवरून जाणारे रस्ते आपण एकेक करून मोजत बसत नाही, तसंच. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड अब्राहम, अव्रिम ब्लम आणि ट्यूमस सँडहोम यांनी फेऱ्यांची सगळी यादी आधी न करता गरज पडेल तशा त्या आत आणण्याची युक्ती वापरली आणि दहा हजार जोड्यांचा प्रश्न सोडवून दाखवला.

त्याच वर्षी ओहायोतले सर्जन मायकेल रीस यांनी मांडवाची अट मोडण्याचा मार्ग काढला. एखादा माणूस कुणासाठीही नाही, नुसतीच किडनी द्यायला पुढे आला की साखळी सुरू होते. त्याची किडनी पहिल्या रुग्णाला, त्या रुग्णाचा दाता काही आठवड्यांनी दुसऱ्याला, असं पुढे. इथे प्रत्येक घराला आधी मिळतं आणि मग द्यायचं असतं. मध्येच कुणी माघार घेतली तर साखळी तुटते, पण देऊन बसलो आणि हाती काही नाही, अशी वेळ कुणावर येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात आठ महिन्यांत दहा प्रत्यारोपणं झालेली साखळी आहे.

भारतात ही साखळी कायद्यात बसत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने स्वॅपला जागा दिली, पण दाता आपल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक हवा: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. दीर, मेहुणा, सून, चुलतभाऊ यांत येत नाहीत. प्रत्येक स्वॅपला प्राधिकार समितीची मंजुरीही लागते. किडनीच्या काळ्या बाजाराचा आपला इतिहास बघता ही सावधगिरी मला पटते.

कमतरता नोंदवहीची

आपल्याकडे वर्षाला तेरा-चौदा हजारांच्या आसपास किडनी प्रत्यारोपणं होतात, बहुतांश जिवंत दात्यांकडून. गरज त्याच्या कित्येक पट आहे. अहमदाबादच्या सरकारी किडनी संस्थेने स्वॅपचं काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. मुंबईत एपेक्स किडनी फाउंडेशनने वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या जोड्या एकत्र आणणारी नोंदवही चालवली. म्हणजे कायदा आहे, सर्जन आहेत, सॉफ्टवेअर तर साध्या लॅपटॉपवर चालतं. अडतंय ते जोड्या एका ठिकाणी न येण्यात.

हिशेब बघा. एका हॉस्पिटलात वीस जोड्या असतील तर दोघादोघांचे १९० संच होतात. शेजारच्या हॉस्पिटलात आणखी वीस, तिथेही १९०. वेगवेगळं बघितलं तर एकूण ३८०. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर ७८०. एकही नवा दाता न आणता, एकही जास्त पैसा खर्च न करता ४०० नव्या शक्यता. आणि ज्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडं आहेत, ज्याला शंभरात एखादीच किडनी चालणार आहे, त्याला वीस जणांच्या यादीत काहीच आशा नसते. ब्रिटनमध्ये साऱ्या देशाची एकच यादी आहे आणि दर तीन महिन्यांनी ती संगणकावर चालवतात. थोडं थांबून साठा जमू द्यायचा आणि मग एकदम जोड्या लावायच्या. मघाशी सांगली-लातूरची घाई नडली होती, ती टाळायची ही पद्धत.

अमेरिकेत एक गोष्ट लक्षात आली. रुग्णालयं सोप्या जोड्या स्वतःकडेच उरकायची आणि अवघड तेवढ्या सामायिक नोंदवहीत पाठवायची. असं झालं की सामायिक यादीत नुसते अवघड रुग्ण साठतात. ओ गटाच्या रुग्णांचे तर फार हाल होतात, कारण ओ गटाचा दाता सहसा आपल्याच माणसाला देऊन मोकळा होतो, यादीत येतच नाही. यावर एक सुंदर उपाय आहे. ज्यांचं आपसांत जमतंय अशाही काही जोड्यांना विचारायचं. पंचेचाळीस वर्षांचा ए गटाचा मुलगा आणि त्याची सत्तर वर्षांची ओ गटाची आई अशी जोडी असेल, तर त्या मुलाला अदलाबदलीत चाळिशीतल्या दात्याची किडनी मिळू शकते. ती जास्त वर्षं चालण्याची शक्यता असते, आणि आईच्या किडनीने एक ओ गटाचा रुग्ण सुटतो.

नोंदींच्या अभ्यासाचं मोल इथे कळतं. संगणकाने जमवलेल्या सगळ्या फेऱ्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत. शेवटची क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, रुग्णाला संसर्ग होतो, दात्याच्या तपासणीत साखर निघते. मागच्या नोंदींवरून कुठली जोडी फिसकटण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढता येतो आणि तो आकडा निवडीच्या गणितात घालता येतो. मग कागदावर मोठी दिसणारी पण मोडकी फेरी बाजूला पडते, आणि थोडी लहान पण टिकाऊ निवडली जाते.

'सर्वोत्तम' कशाला म्हणायचं हे मात्र गणित सांगत नाही. जास्तीत जास्त रुग्ण, की जास्त वर्षं वाट बघितलेला आधी? लहान मुलांना किती झुकतं माप? हे डॉक्टर, रुग्ण आणि समाजाने बसून ठरवायचं आणि उघडपणे लिहून ठेवायचं.

एका गोष्टीने मी अस्वस्थ होतो, ती इथे टाळणार नाही. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त असतात. बायको देते, आई देते, बहीण देते. पूर्वी रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर, मनातून तयार नसलेल्या बाईला एक सन्मानाची वाट होती. स्वॅपने ती वाट बंद होते. म्हणून दात्याला एकटं बसवून, घरच्यांना बाहेर ठेवून विचारलं पाहिजे. ती नाही म्हणाली, तर बाहेर 'वैद्यकीय कारणाने जमत नाही' एवढंच सांगितलं गेलं पाहिजे. चांगली केंद्रं हे करतात. नोंदवही जितकी मोठी होईल तितकी ही खबरदारी जास्त लागेल.

तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल आणि 'जुळत नाही' असं सांगितलं गेलं असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टना आणि हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना 'आम्हाला स्वॅपसाठी नाव नोंदवायचंय' असं स्पष्ट शब्दांत सांगा. ते हॉस्पिटल करत नसेल तर कोण करतं ते विचारा, विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला फोन करा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. रुग्णाला पूर्वी रक्त चढवलंय का, किती बाळंतपणं झाली, हे न विचारताही सांगा. आणि द्यायला तयार असलेले जवळचे दोन नातेवाईक असतील, समजा बायको आणि भाऊ, तर दोघांचेही रक्तगट फाइलमध्ये लावून घ्या. शेवटी दाता एकच होईल, पण फळ्यावर एका जोडीतून निघणाऱ्या रेघा वाढतात.